चौदावा रकाना

नुकुतोआ बेटावर सोमवारी काहीही घडलं नाही. मंगळवारीही घडलं नाही. बुधवारी काहीतरी घडेल अशी चिन्हं होती, कारण लाउपेपाची डुक्करीण सकाळपासून धक्क्यावर ठाण मांडून बसली होती. पण दुपारी ती आपणहून उठून घरी गेली आणि तोही विषय मिटला.

हे सगळं सेलुकाने संध्याकाळी सहाच्या बातम्यांत यथास्थित वाचून दाखवलं. एकोणीस वर्षं ती आमच्या रेडिओवर बातम्या वाचत होती. बेटावरच्या चारशे माणसांना त्या आधीच ठाऊक असायच्या. लोक रेडिओ लावायचे ते बाई नीट सांगते की नाही हे तपासायला. जहाज मंगळवारी येईल. पीठ आहे, साखर नाही. मकेरिताची केवड्याच्या पानांची चटई वाऱ्याने उडाली आहे, सापडल्यास तिच्या सासूला न कळवता आणून द्यावी. आणि सगळ्यात शेवटी, रोज न चुकता, "आई, डोळ्यांत औषध घातलंस का? घाल बघू आता."

सेलुकाची आई तेपोला प्रवाळकड्याच्या आतल्या समुद्रापलीकडच्या मोतुइती नावाच्या टिकलीएवढ्या बेटावर राहायची. होडक्याने दोन तास. तिथे माणसं एकतीस, फोन एकही नाही, रेडिओ प्रत्येक घरात. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांचं जहाज आमच्याकडे दोन वर्षांतून एकदा येतं. मागच्या खेपेला तिने शेवटच्या घटकेला पोट दुखतंय म्हणून ऑपरेशन टाळलं होतं, तेव्हा डॉक्टर सेलुकाला स्पष्ट म्हणाला होता, की पुढच्या वेळी केलं नाहीत तर नजर गेली म्हणून समजा. ती पुढची वेळ नोव्हेंबरात येणार होती. सेलुका दिवस मोजत होती.

अशा सुखासमाधानाच्या काळात जूनमधल्या एका जहाजाने पत्र आलं.

रेडिओचं यंत्र 'समर्थ सागर माध्यम निधी' नावाच्या परदेशी संस्थेचं होतं. तिथे दर तीन महिन्यांनी बावीस रकान्यांचा अहवाल पाठवावा लागे. चौदावा रकाना होता 'गुन्हे व सुरक्षाविषयक वार्तांकन'. सेलुका त्यात इमानेइतबारे शून्य लिहायची. पत्रात म्हटलं होतं: 'आपले केंद्र संवेदनशील विषय हेतुपुरस्सर टाळत असल्याचे निदर्शनास आले आहे. दरमहा किमान तीन घटनांचे वार्तांकन अपेक्षित आहे. सदर त्रुटी पुढील तिमाहीत दूर न झाल्यास यंत्र परत मागवण्यात येईल.'

सेलुकाने पंचायतीच्या कचेरीतून फोन लावला.

"अहो, आमच्याकडे गुन्हे होत नाहीत."

"होत नाहीत, की नोंदवले जात नाहीत?" पलीकडच्या बाईचा आवाज फार गोड होता.

"दोन्ही."

"दोन्ही?" बाई म्हणाली. "म्हणजे परिस्थिती गंभीर आहे."

सेलुकाच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्र गेलं तर मोतुइतीला जहाज कधी येतं हे कोण सांगणार? आईला औषधाची आठवण कोण करणार? नोव्हेंबरात डॉक्टर आले हे तिला कळणार कसं? ती तशीच पंचांपुढे जाऊन उभी राहिली आणि घडाघडा सगळं सांगून मोकळी झाली.

पंचांचे प्रमुख तेआगाईकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे. वयाच्या सत्तरीपर्यंत त्यांनी कुणाचंच ऐकलं नव्हतं, आणि आता त्यांना ऐकू येत नव्हतं. पत्र दोनदा मोठ्याने वाचून घेतल्यावर ते म्हणाले, "यात रडण्यासारखं काय आहे, पोरी? परक्या माणसाला काही हवं असलं की आपण काय करतो?"

"देतो," सगळे म्हणाले.

"एकाच घरावर भार पडू नये म्हणून काय करतो?"

"वार लावतो!"

आमच्याकडे पाद्रीबाबांचं जेवण असं वाराने चालतं. सोमवार लाउपेपांचा, मंगळवार मकेरिताच्या घराचा, आणि असंच पुढे. कुणाचा मासा मोठा, कुणाच्या अळकुड्या मऊ, यावर आठवडाभर चर्चा होते. तर त्याच तक्त्यावर त्याच वारांनी गुन्हे लावायचे असं एकमताने ठरलं. फक्त पाद्री इओआनेबाबांना विचारणं भाग होतं. त्यांनी पत्र उलटसुलट पाहिलं.

"यात पाप असा शब्द कुठे आलाय का?"

"नाही बाबा. गुन्हे आहे."

"मग तो सरकारचा विषय झाला. माफी मात्र त्याच दिवशी मागितली पाहिजे. आणि माफीच्या जेवणाला मला बोलवायला विसरू नका."

माफी म्हणजे आमच्याकडे तोंडाने पुटपुटून सुटका नाही. ज्याच्या हातून चूक झाली, त्याचं अख्खं घर डोक्यावर चटई घेऊन दुसऱ्याच्या अंगणात बसतं. मग यजमान येऊन चटई काढतो, दोन्हीकडचे गळ्यात पडून रडतात आणि चुकलेल्या घराचं डुक्कर भाजलं जातं. दिवस मावळायच्या आत भांडण पोटात गेलेलं असतं.

सगळ्यात आनंद झाला पेनिताला नावाच्या आमच्या हवालदाराला. अकरा वर्षांत त्याने एकदाच अटक केली होती, तीही चुकून. वाऱ्याने तुरुंगाचं दार लागलं तेव्हा आत तो स्वतःच होता. तुरुंगात कोंबड्या होत्या. त्या त्याने त्याच दिवशी हलवल्या आणि खोली सारवून घेतली.

पहिला सोमवार लाउपेपाचा. त्याने मकेरिताची सायकल चोरायची ठरली. आदल्या दिवशी मकेरिताने सायकलला तेल घातलं, मागच्या चाकात हवा भरली आणि चोराला त्रास नको म्हणून ती रस्त्याकडे तोंड करून ठेवली. लाउपेपा आला, नमस्कार-चमत्कार झाले, शहाळं झालं, मग त्याने चोरी केली. सहाच्या बातम्यांत सेलुकाने वाचलं, "बेटावर सायकलचोरीची खळबळजनक घटना." वाचताना तिला इतकं हसू आलं, की तिने मध्येच खोकल्याचं नाटक केलं. सातच्या आत माफी झाली, डुक्कर झालं, आणि लाउपेपाने सायकल तिच्यावर मकेरिताच्या सासूला बसवून परत आणून दिली.

एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण मंगळवार मकेरिताचा होता.

"त्यांनी अख्खी सायकल चोरली, आणि आम्ही काय चमचा चोरू?" ती सेलुकाला म्हणाली. "चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहील का गं? आमच्या घराचा म्हणून काही मान आहे की नाही?"

तिने लाउपेपाची होडी मोटारीसकट पळवली. बुधवारवाल्यांनी दुकान फोडलं. दुकानाला दार नसल्यामुळे आधी दार बसवून घ्यावं लागलं. शुक्रवारी चर्चची घंटा गेली. शनिवारी खुद्द तेआगाईकाकांची चूल-पडवी जाळण्यात आली. काकांना ती पाडून नवी बांधायचीच होती, पण आग पाहून त्यांनी असा काही हंबरडा फोडला, की आग लावणारेच घाबरून विझवायला धावले. "काका, काय काम केलंत!" म्हणून बेटाने त्यांची पाठ थोपटली. मग ज्यांच्या वाट्याला नुसती शिवीगाळ आली होती ते गुरुवारवाले रुसले. आम्ही काय घोडं मारलंय, आम्हालाही भरघोस काहीतरी द्या, म्हणाले. त्यांना मारामारी देण्यात आली.

खोटं कशाला सांगा, सेलुकालाही मजा वाटू लागली होती. एकोणीस वर्षं साखर नाही, साखर नाही, असं सांगणाऱ्या बाईला पहिल्यांदाच लोक रस्त्यात थांबवून विचारत होते, "सेलुकाताई, आज काय आहे हो? थोडंसं सांगा ना, कुणाला नाही सांगणार." ती नुसती भुवई उडवायची. तिचा आवाज खाली आला, वाक्यं आखूड झाली. आईच्या औषधाला शेवटचं अर्धं मिनिट उरायचं, कधी तेही नाही. आग लागली त्या शनिवारी ती विसरलीच.

इकडे डुकरं संपत आली. रोज एक माफी, रोज एक डुक्कर. पाद्रीबाबांच्या अंगरख्याची शिवण दोनदा उसवली. आणि एका गुरुवारी फालानी नावाचा गरीब गृहस्थ धापा टाकत चौकीवर आला.

"हवालदार, माझं डुक्कर चोरलं!"

पेनितालाने तक्ता काढला. "आज गुरुवार. गुरुवारी मारामारी असते. चोरी सोमवारी."

"अरे बाबा, खरंच चोरलंय! गुरुवारवाल्या सिआओसीकडचं शेवटचं डुक्कर परवाच संपलं. आज माफीला माझं भाजतोय. मी वासावरून ओळखलंय!"

"तुझं नाव यादीत आहे का पीडित म्हणून?"

"नाही."

"मग तुला कुणी पीडा दिली?" पेनितालाने तक्ता मिटला. "हे बघ फालानी, शिस्त म्हणून काही असते. प्रत्येक जण आपल्या मनाने गुन्हे करत सुटला तर बेटावर कायदा राहील का?"

अशा रीतीने नुकुतोआच्या हयातीतली पहिली खरी चोरी नोंद न होता पचली. फालानीला जेवायला मात्र बोलावलं होतं. तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

तिमाही अहवाल गेला आणि निधीकडून अभिनंदनाची तार आली. पाठोपाठ श्री. डुगन नावाचे सुरक्षा सल्लागार उतरले. माणूस वाईट नव्हता. उन्हाने कोळंबीसारखा लाल झाला होता आणि प्रत्येक वाक्यापूर्वी 'समजू शकतो' म्हणायचा. तुरुंग पाहायचा म्हणाला, तेव्हा त्या दिवशीचा कैदी जेवायला घरी गेला होता. "वामकुक्षी आटपून येईल," असं पेनितालाने सांगितलं. डुगनसाहेबांनी लिहून घेतलं: कैदी वारंवार पळून जातात.

"लोक घरांना कुलपं का लावत नाहीत?" त्यांनी सेलुकाला विचारलं.

"दारं नाहीत."

"समजू शकतो. दारं का नाहीत?"

"भिंती नाहीत ना."

खरंच नव्हत्या. चार खांब, वर पानांचं छप्पर, पाऊस आला तर बाजूने चटया सोडायच्या. रस्त्याने जाताना कोण जेवतंय, कोण निजलंय, कोण नवऱ्यावर रागावलंय, सगळं दिसायचं. डुगनसाहेबांना ते पाहून रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या जहाजाने दोनशे कुलपं आली. कुलपं फुकट जाऊ नयेत म्हणून लोकांनी दारं केली, आणि दारं उभी राहावीत म्हणून भिंती घातल्या. किल्ल्या त्याच्या पुढच्या जहाजाने येणार होत्या. तोवर उत्साही मंडळींनी कुलपं लावून टाकली होती आणि ती आपापल्या घरात छपरातून ये-जा करत होती.

आणि भिंतींनी घात केला.

"लाउपेपाच्या घरात आज फार शांत आहे गं," मकेरिता एके दिवशी सेलुकाला म्हणाली. "काय शिजतंय कुणास ठाऊक."

"भात शिजत असेल."

"असं तुला वाटतं."

"अगं, तू आणि त्याची बायको अजून एका ताटात जेवता!"

"तेच म्हणते मी. ज्याने एकदा सायकल चोरली, तो काय सोडेल?"

"तू तेल घालून दिलीस ती सायकल!"

मकेरिताने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मी तेल घातलं, हे त्याला कसं कळलं? म्हणजे पाळत होती की नाही माझ्यावर?"

काही दिवसांतच लाउपेपाची बायको आणि मकेरिता वेगवेगळ्या वाटांनी पाण्याला जाऊ लागल्या. माफीच्या चटया निघेनात, कारण चटईखालचा माणूस खरोखरच चोर नसेल कशावरून, असं लोकांना वाटू लागलं. बातम्या ऐकून जहाजाचा कप्तानही जहाज धक्क्याला लावेना. लांबूनच पिठाची पोती पाण्यात ढकलून तो पसार व्हायचा.

नोव्हेंबर लागला. डॉक्टरांचं जहाज शुक्रवारी येणार होतं. सोमवारी एका कोळ्याने सेलुकाला निरोप दिला, की मोतुइतीचं कुणीही येणार नाही. तिने वल्ही उचलली आणि निघाली.

किनाऱ्यावर तिची आई कोयता घेऊन उभी होती.

"कोण आहे तिथे? तिथेच थांब! पुढे आलीस तर उभी चिरीन!"

"आई, मी आहे."

"आवाज ओळखीचा वाटतो. पुरावा काय?"

"पुरावा? मला कुत्रा चावला तेव्हा तू कुत्र्यालाच औषध लावलं होतंस!"

म्हातारीने कोयता खाली केला. "ये. पण पाठीमागे कुणी आलंय का ते बघ. तुमच्याकडे दिवसाढवळ्या माणसं आगी लावतात."

सेलुकाने तिला वाळूत बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पत्र, रकाना, वार, सायकलचं तेल, काकांची पडवी. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं, पण पलीकडे ही गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. सांगायचं साधन एकच, आणि त्यावर तर ती गुन्हे वाचत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिचा हात हातात घेतला.

"पोरी, तुला कुणी दम दिलाय का?"

"आई, सगळं खोटं होतं गं! माझी शपथ!"

"असंच बोलायला लावतात," म्हातारी शेजारणीला म्हणाली. शेजारीण मान डोलावून लगेच चार घरी सांगायला गेली.

"शुक्रवारी येशील ना? डोळे जातील गं तुझे. मी स्वतः न्यायला येते."

"त्या नरकात? मरायला?" आईच्या गालांवर तरतरी आली होती, सेलुकाने कित्येक वर्षांत तिला इतकी टवटवीत पाहिली नव्हती. "आणि एक सांगू का, रागावू नकोस. आधी तुझ्या बातम्यांत काही दम नव्हता. पोटची पोर म्हणून ऐकायचे. हल्ली कशी छातीत धडधड होते! रात्री आम्ही बायका एका घरात निजतो, दार लावून. मज्जा येते."

"तुमच्याकडे दार कुठून आलं?"

"केलं ना. तुझ्या बातम्या ऐकून."

परतीच्या दोन तासांत सेलुकाने ठरवून टाकलं. यंत्र जायचं तर जाऊ दे. गुरुवारी सहा वाजता तिने तक्त्यावरची मारामारी बाजूला ठेवली आणि वाचलं, "नुकुतोआ बेटावर आज काहीही घडलेलं नाही. गेले पाच महिने काहीही घडलेलं नाही. सर्व गुन्हे ठरवून केलेले होते. त्यांची माफी झाली आहे आणि डुकरं खाऊन संपली आहेत. उद्या डोळ्यांचे डॉक्टर येत आहेत. मोतुइतीच्या लोकांनी निर्धास्त यावं. आई, तू नक्की ये. तुझ्या पाया पडते." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला.

सव्वासहाला रेडिओच्या दारात गर्दी होती.

"काय लपवताय?" लाउपेपा ओरडला.

"अरे, तूच सायकल चोरली होतीस ना? तुला ठाऊक नाही?"

"माझं खोटं होतं, ते मला ठाऊक आहे. पण बाकीच्यांचं?"

"माझंही खोटं होतं," मकेरिता म्हणाली, "पण याचं खोटं होतं हे मी कसं मानू?"

प्रत्येक जण स्वतःची हमी द्यायला तयार होता, शेजाऱ्याची द्यायला एकही नाही. फालानीने "माझं डुक्कर खरं होतं" असं सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला कुणी बोलू दिलं नाही. डुगनसाहेब मागच्या रांगेत उभे राहून भराभर लिहीत होते. त्यांचे डोळे पाणावले होते.

"मी समजू शकतो," ते सेलुकाला हळूच म्हणाले. "रडत रडत बातम्या वाचायला लावल्या तुम्हाला. नावं सांगू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

शुक्रवारी डॉक्टरांचं जहाज आलं. सेलुका पहाटेपासून धक्क्यावर उभी होती. मोतुइतीकडून एकही होडकं आलं नाही. दुपारी ती स्वतः न्यायला गेली, तर किनाऱ्यावर बायकांनी काटेरी कुंपण घातलेलं होतं आणि कुंपणाआडून आई ओरडत होती, "माझ्या पोरीला सोडा रे! तिच्याकडून काय काय वदवून घेताय!" सेलुका पाण्यात कमरेपर्यंत उभी राहून हाका मारत राहिली. संध्याकाळी जहाज भोंगा देऊन निघून गेलं. आता ते दोन वर्षांनी येईल.

यंत्र काही परत गेलं नाही. उलट 'दबावाखालील पत्रकारिता' या सदरात नुकुतोआ केंद्राला यंदाचं मानपत्र मिळालं आणि दुप्पट ताकदीचं नवं यंत्र आलं. मोतुइतीला आता आवाज अगदी खणखणीत ऐकू येतो. नाताळात कोळ्याबरोबर आईचा निरोप आला: 'डोळे गेले, पण कान शाबूत आहेत. काळजी करू नकोस. त्या आगीचं पुढे काय झालं ते मात्र सांगितलं नाहीस.'

निधीने आमच्या बातम्या जगभर ऐकण्याची सोयही केली आहे. ताज्या अहवालाप्रमाणे आगीची बातमी अकरा हजार लोकांनी ऐकली, चर्चच्या घंटेची साडेसहा हजारांनी, आणि 'काहीही घडलेलं नाही' ही चौघांनी. त्यांतल्या तिघांनी ती मध्येच बंद केली. वाचकहो, आपण त्या अकरा हजारांतले नाहीत याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आपण इथवर आलात ते केवळ एका म्हातारीच्या डोळ्यांच्या काळजीने.